टेम्पोतले पाय

१७ ऑगस्ट, रविवार

झाला! बडग्याचा सदरा शिवून झाला एकदाचा. सात मीटर कापड खाल्लं मेल्यानं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीचा बडग्या, म्हणजे शेवटी जाळायचा पेंढ्याचा पुतळा, निघतो आणि बावीस वर्षांपासून त्याची शिंपीण मी! यंदाचा विषय रस्त्यातले खड्डे. म्हणून सदऱ्याला मीच कात्रीनं भोकं पाडली. काय मजा आली! धड कामठीला कारागीर बांधून राहिले, पाय झाकायला यांची जुनी पँट कधीच पाठवून दिली.

१८ ऑगस्ट, सोमवार

माय वं! भिशीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. संध्याकाळची वेळ, कामठी रोड, निळा टेम्पो — आणि ताडपत्रीखालून दोन पाय लटकून राहिले! खाली लिहिलं, ‘मुलं पळवणारी टोळी.’ नात गार्गी दुसरीत आहे, शाळेत पायी जाते.

लगेच बोलून पाठवलं — "बायांनो, पोरं सांभाळा! निळा टेम्पो दिसला तर सोडू नका, तिथंच धडा शिकवा!" तीन ग्रुपवर टाकलं. यांनी अकरा ग्रुपवर. "शाब्बास, प्रेमिला!" म्हणे. झोप छान लागेल आज.

१९ ऑगस्ट, मंगळवार

ग्रुपवर दोन पायांची पाच मुलं झाली! कळमेश्वरच्या नणंदेनं माझाच आवाज मलाच पाठवला — "ऐका वं वहिनी, कोण बाई आहे माहीत नाही, पण किती जीव तोडून सांगून राहिली!" फुगले मी. वहीत खोटं कशाला लिहू?

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी दारात प्रशिक. कामठीचा पोरगा, चार वर्षांपासून बडग्याचं धड आपल्या टेम्पोतून हाच आणतो. हसत येणारं पोर, आज चेहरा पांढरा. टेम्पो ओळखू येऊ नये म्हणून नंबर प्लेटवर चिखल फासलेला, समोरची काच फुटलेली.

"काकू, परवापासून धड टेम्पोतच आहे. काल रस्त्यात चौघांनी अडवलं. एकाच्या हातात दांडा. बडग्या आहे, बडग्या आहे म्हणून वरडून राहिलो, कोणी ऐकेच ना. कसाबसा निसटलो. आता माय घराबाहेर निघू देत नाही, चोरून आलो. भाड्यालेही कोणी बोलवत नाही."

यांनी ताडपत्री काढली. दोन पाय. चौकडीची पँट. गुडघ्याला ठिगळ, पिवळ्या दोऱ्याचं — तपकिरी दोरा संपला होता म्हणून मीच लावलेलं! वीस वेळा पाहिला तो व्हिडिओ, स्वतःचा टाका ओळखता आला नाही. आधी हसू फुटलं. मग वाटलं, दांडा बसला असता तर?

पोहे केले. बशी पुसून खाल्ली पोरानं. मी समोर बसून राहिले. तो आवाज माझा, हे काही सांगितलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

यांना सुचलं! हे, चौसष्ट वर्षांचे मनोहरराव, रिटायर्ड हेडक्लार्क — टेम्पोत बडग्याशेजारी आडवे! चार पाय बाहेर लटकलेले. गार्गी ओरडून राहिली, "आजोबा, पाय हलवा ना!" शूटिंग तिच्या आईचं. प्रशिकनं ताडपत्री ओढली, पेंढ्याचं थोबाड दिसलं, आणि हे उठून बसले — "मले पळवून कोण नेते गा? नेलं तरी सांजच्याले वापस आणून सोडते!"

प्रशिक हसला. तीन दिवसांनी हसला असेल.

अकरा ग्रुपवर गेलं. रात्रीपर्यंत कळमेश्वरहून परत आलं — "वहिनी, हे तर आपले दादा!!"

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. पुरण उतू गेलं. खड्डे रद्द! बडग्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचा दरवाज्याएवढा मोबाईल. सदऱ्याची सगळी भोकं बुजवत बसले. पाठ गेली कामातून.

२३ ऑगस्ट, शनिवार — मारबत!

काय दिवस! आवाज बसला, पाय सुजले, मन भरलं. बडग्या निळ्या टेम्पोवरच निघाला. प्लेट धुतलेली, काच नाही, प्रशिकच्या गळ्यात झेंडूचा हार. "अरे, पायवाला टेम्पो!" म्हणून लोकं धावून येत होती — फोटो काढायला! त्याची माय कामठीहून आली, टेम्पोत पुढे बसली, शेवटी उतरून नाचली. मीसुद्धा. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" यांची पँट बडग्यासोबत जळाली. "गेली बिचारी," म्हणे.

प्रशिक पाया पडला. "काकू, तुमच्यामुळं वाचलो." सगळ्यांसमोर! मी त्याचा हार सरळ करत बसले.

२४ ऑगस्ट, रविवार

नाही राहवलं. शेअर ऑटोनं कामठी गाठली. तो नवी काच बसवून राहिला होता. उभ्या उभ्या सांगितलं — तो आवाज माझा होता.

त्यानं मान वर केली नाही. "माहीत आहे ना काकू. चार वर्षांपासून ऐकून राहिलो तुमचा आवाज. म्हणून तर त्या दिवशी सरळ तुमच्याच दारात आलो. म्हटलं, काकू डोळ्यानं पाह्यतीन, मंग त्याच आवाजात खरं सांगतीन."

व्हिडिओत हे बोलले. गार्गी ओरडली. मी अजून एक शब्द बोलले नव्हते.

तिथंच, टेम्पोला टेकून, फोन काढला. "बायांनो, मी प्रेमिला..."