सोंग कोण उतरवणार?

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! आसनगावला उतरून जीपनं शहापूर, मुरबाड करत थेट सिद्धगडाच्या पायथ्याशी. भात झोडून झालेल्या खळ्यावर सेट लागलाय. या भुताच्या सिनेमाचा पहिला भाग बघून मी कॉलेजात असताना दिवा लावून झोपायचे, आणि आता दुसऱ्या भागात मी सहायक दिग्दर्शक! पडद्यावर माझं नाव येणार. आई आत्तापासूनच शेजारीपाजारी सांगत सुटली असेल.

७ नोव्हेंबर
नाव मोठं, लक्षण खोटं. जुन्या दिग्दर्शकाला बोलावलंच नाही. नायक यशोधन सर हेच आता दिग्दर्शक. भुतापेक्षा यांचेच क्लोजप जास्त, आणि भूत यायच्या आधी यांचं गाणं. हसावं की रडावं? सेटवर 'कट' फक्त तेच म्हणणार. काल साउंडवाल्यानं म्हटलं, तर त्याला लगेच घरी पाठवलं.

९ नोव्हेंबर
भुताच्या नटाची युनिटनं तारीफ केली, म्हणून त्यालाच काढलं. आता भूतही सरच. लाकडी मुखवटा खळ्याचे मालक कोंडूबाबांच्या घरचा, गावच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, नाचवायचा. देताना बाबा मला म्हणाले, "सोंग घेनारा येगळा नि उतरवनारा येगळा. आपलं सोंग आपल्याला उतरवता येत नाय गो." सरांना सांगितलं, तर ते म्हणाले की त्यांचं सोंग उतरवणारा अजून जन्मायचाय.

१० नोव्हेंबर, दुपार
गळा दाबायचा प्रसंग. समोर शीतल, गावातलीच पोर, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर. आणि सर पहिल्यांदाच चांगलं काम करत होते. खरंच भीती वाटली.
'कट' येईना. शीतल पाय झाडायला लागली, तरी कोणी बोलेना. मीही नाही. पडद्यावरचं नाव जाईल म्हणून! थू माझ्या जिंदगीवर.
शेवटी ओरडलेच — कट!
गळा सुटला. कोंडूबाबांनी तिला उचलून नेलं. जिवंत आहे.
मुखवटा माझ्याकडे वळला.

१० नोव्हेंबर, ऊन उतरताना
पळत येऊन व्हॅनिटी व्हॅनमध्ये कडी लावून बसलेय. बाबा बाहेर ओरडतायत, कोनीतरी मुखवटा वढा रे. एवढं मोठं युनिट, पण एक हात पुढे होत नाही. नोकरी सगळ्यांना प्यारी. दुपारपर्यंत मलाही होतीच की.
सर सांगतायत, सीन बदललाय. आवाज सरांचा नाही —
दार आपल्याच लोकांनी उचकटलं. मघाशी ज्यांना चहा दिला त्यांनीच — लाइट लावतायत —
शीतलच्या जागी मी —
कॅमेरामन म्हणतोय, लिहिणं थांबव, हनुवटी वर घे, गळा दिसत नाही —