शिलाईताईंच्या अर्जाचा सखोल अभ्यास

३ मार्च, सोमवार
आजपासून नवी जबाबदारी. अडचणीसाठी निवृत्ती फंडातून पैसे काढण्याचे सगळे अर्ज माझ्या टेबलावर येणार. मोठे साहेब म्हणाले, काही कठीण नाही, कागद बघायचे आणि वर पाठवायचे. साहेबांना कामाचं गांभीर्य नाही. गादी कारखान्यातल्या तीनशे लोकांचं म्हातारपण आता माझ्या हातात आहे. संकल्प : मन मऊ, पेन कडक.

४ मार्च
फॉर्म तयार. अकरा पानं. नाव ‘सुलभ फॉर्म’. सातव्या पानावरचा ‘ही अडचण टाळता आली असती का? दहा ओळींत लिहा’ हा प्रश्न खास माझा. हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, पैसे किती हवेत ते कुठे विचारलंय? उद्या बारावं पान जोडणार.

६ मार्च, गुरुवार
पहिला अर्ज! शिलाई विभागातल्या ताई. एकोणीस वर्षं गाद्यांची कव्हरं शिवतायत. नवऱ्याचा पाय मोडलाय, चार महिन्यांचं भाडं थकलंय. ३१ तारखेपर्यंत भरा नाहीतर खोली खाली करा, अशी घरमालकाची चिठ्ठी. वाचून गलबलून आलं. पण चिठ्ठीवर तारीख नव्हती. परत पाठवलं. ताई कागद पिशवीत घालून मशीनवर गेल्या. लोकांना शिस्त आवडते.

१० मार्च
ताई तारीख घालून आणलेली चिठ्ठी घेऊन हजर. पण सही करणारा खरंच घरमालक आहे, याचा पुरावा? ताईंनी विचारलं, तो मी कुठून आणू? मी म्हणालो, पान नऊ वाचा. जेवताना हिला सगळं सांगितलं. हिने विचारलं, अहो, पण पैसे त्यांचेच ना?
तांत्रिकदृष्ट्या, हो. हिला हा विषय कळत नाही.

१३ मार्च
सकाळी ११.१० : प्रत्यक्ष पाहणीला जायचं ठरवलं. नियमात नाही. पण नियमाच्या पुढे जाऊन काम करणारे असतातच काही लोक.
संध्याकाळी ५.४० : पाहणी यशस्वी. ताई कामावर होत्या. त्यांच्या यजमानांनी प्लास्टरमधला पाय खाली घेऊन मला स्टूल दिलं. खोली एकच. खिडकीत दोन मुलींची पुस्तकं. घरमालक खालीच राहतो, म्हणजे पुरावाही मिळाला. त्याला धीर दिला : काळजी सोडा, ताईंचे निवृत्तीचे पैसे निघतायत. त्याने लगेच भाड्याची वही काढली. माझ्या बोलण्याची छाप पडतेच.

१७ मार्च, सोमवार
घरमालकाचा गैरसमज झालाय. त्याला वाटलं, ताई निवृत्त होतायत. म्हणजे पगार बंद, म्हणजे पुढचं भाडंही बुडालं. नवी चिठ्ठी : शुक्रवारपर्यंत सगळे पैसे, नाहीतर सामान रस्त्यावर. ताई माझ्या टेबलापाशी उभ्या राहून रडल्या. वाईट वाटलं. पण पुरावा म्हणून ही चिठ्ठी आधीच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तसं मी त्यांना सांगितलंही. डोळे पुसून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

१८ मार्च
आज काहीही झालं तरी शिफारस लिहायची, असं ठरवून फाइल उघडली. पण ऑफिसात फोन, चहा, कॅशियरचे विनोद. सखोल अभ्यास होत नाही. उद्या रजा टाकली आहे, केवळ ताईंसाठी. घरी शांतपणे लिहीन, गुरुवारी साहेबांची सही, शुक्रवारी सकाळी पैसे. प्लॅन पक्का.

१९ मार्च, बुधवार (रजा)
१०.०० : टेबल पुसलं. पेन्सिलींना टोक केलं.
१२.३० : पहिलं वाक्य जमलं. ‘अर्जदारांस अडचण असल्याचे दिसते.’ ‘दिसते’ की ‘जाणवते’?
१.१५ : जेवण. पाच मिनिटं पडतो.
५.५० : उठलो. ही म्हणाली, अभ्यास फारच सखोल झाला, शेजारीसुद्धा आवाज कसला ते विचारायला आले होते. दुर्लक्ष केलं. ‘दिसते’ नक्की.

२० मार्च, गुरुवार
शिफारस घेऊन सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब म्हणाले, ते काम काल झालं. माझी खुर्ची रिकामी बघून ताई थेट त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, सही केली, घरमालकाला फोन करून ताईंची नोकरी शाबूत असल्याचंही सांगितलं. पैसे आज सकाळी खात्यात जमा. किती वेळ लागला, मी विचारलं. चार मिनिटं, त्यातलं एक पेन शोधण्यात. फंडाचं काम आता तेच बघणार. माझ्याकडे पार्किंगचे पास.

जेवणाच्या सुट्टीत ताई जिन्यात भेटल्या. चेहरा इतका मोकळा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला लाज वाटत होती. माफी मागायची, असं खरोखर ठरवलं होतं, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ताईच म्हणाल्या, बरं झालं साहेब, काल तुम्ही रजेवर होतात.

टोमणा मारला असता तरी चाललं असतं. अगदी मनापासून म्हणाल्या.