दुखलं-खुपलं कधी सांगितलं नाही

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

अर्धं पान हवं आहे. जास्त नको, कमी नको.

जावयाचा मोठा भाऊ महेश सकाळी येऊन गेला. मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही, दारातूनच बोलला. "मावशी, पितृपक्षातल्या नवमीला छायाच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची आहे. त्याच दिवशी समाजाच्या मंडळातर्फे तिला आदर्श माता म्हणून मानपत्र. मरणोत्तर. तुम्ही वाचणाऱ्या बाई, अर्धं पान लिहून द्या. मी वाचून दाखवतो."

"काय लिहू?"

"चांगलं लिहा," म्हणाला.

बरं झालं सांगितलं. नाहीतर पोटच्या पोरीबद्दल मी काय लिहिलं असतं कोण जाणे.

४ सप्टेंबर

बसले लिहायला. जन्म मखमलाबाद. शिक्षण बारावी. लग्न आडगावला. नवरा दिनेश, ओझरच्या कारखान्यात. मुलगी मोहिनी. मृत्यू अकरा जानेवारी दोन हजार चोवीस. वय चौतीस.

चार ओळींत संपली. अर्ध्या पानाला अजून पुष्कळ जागा उरते.

मी चौथी शिकलेली. भाजीच्या टोपलीत खाली अंथरलेली वर्तमानपत्रं वाचत वाचायला लागले. हे गेले तेव्हा वाचनालयात नाव घातलं, दुपार जायला. पुस्तकातल्या आया मला पाठ आहेत. त्या पहाटे उठतात, उपाशी राहतात, खोकतात आणि शेवटचं पान यायच्या आत मरतात. एकही घोरत नाही.

छाया घोरायची. मोबाइलवर मालिका बघताना तिची भाजी करपायची, आणि ती वर दिनेशला सांगायची, "आज जरा खरपूस केलीय." मोहिनीला पाण्याची भीती होती, म्हणून ही बाई बत्तिसाव्या वर्षी महापालिकेच्या तलावावर जाऊन आधी स्वतः पोहायला शिकली. नाकातोंडात पाणी जाऊन दोनदा ओकली. सासू म्हणाली, "लेकीची आई आन् पाण्यात उड्या मारती." दोन महिन्यांनी लेकीला घेऊन उतरली.

हे चांगल्यात बसतं की नाही, महेशला विचारायला हवं.

६ सप्टेंबर, शनिवार

मोहिनी आली. शनिवारी ती माझ्याकडेच असते. नऊ पूर्ण झाली. उद्याच्या मेथीच्या जुड्या बांधत होते, तीही बांधायला बसली. तिच्या जुड्या सैल होतात. मी नंतर पुन्हा बांधते, तिला कळू न देता.

"आजी, आईचं लिहून झालं?"

"होतंय. तुझ्या केसांत उवा झाल्या होत्या, आठवतं? तुझे केस कापले तर तू दिवसभर रडलीस. मग आईने स्वतःचेही कापून आणले. तुझ्या बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, कोण पाहिजे?"

हसली. मग मी म्हटलं, झुरळ दिसलं की तुझी आई ओट्यावर चढून किंचाळायची. तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला.

"नाही. आई शूर होती. आडगावची आजी सांगते, आईला कितीही दुखलं तरी तिने कधी आवाज काढला नाही."

कविता म्हणून दाखवावी तसं म्हणाली. मी जुडी बांधत राहिले.

९ सप्टेंबर

पितरांचा पंधरवडा सुरू. फुलांना कुणी विचारत नाही, गवार आणि कारली हातोहात जातात.

विहीणबाईंचा, ठमाबाईंचा फोन. बाई मनाने वाईट नाहीत, फक्त मोठ्याने बोलतात. मूळच्या सायखेड्याच्या.

"विहीणबाई, नवमीला लवकर या. आन् वाईट वाटून घेऊ नका, पंगत सवाष्णींची हाय. आपण दोघी आत बसू."

"बसू."

"भरल्या कपाळानं गेली पोर. लय नशीबवान. आपल्यासारखी राहिली नाय मागं."

चौतिसाव्या वर्षी मेली ती नशीबवान. आम्ही दोघी साठी ओलांडून जिवंत, आमचंच काहीतरी चुकलं.

"आन् लिहिताना ते लिहा बरं का, की दुखलं-खुपलं कधी सांगितलं नाय तिनं. त्यात सगळं आलं."

आलं खरं. दिनेशही हेच म्हणतो, महेशही, त्यांच्या शेजारची मनीषाही. तिच्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे असं हे एवढं एकच वाक्य.

१० सप्टेंबर

ते वाक्य लिहिता येत नाही. का येत नाही ते इथे लिहिते, ही वही मंडळात कुणी वाचणार नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत मोहिनीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मोहिनी मोर झाली होती. पिसारा छायाच शिवत होती. पोटात दुखत होतं तर ओवा खाल्ला, गरम पिशवी घेतली, गोळ्या घेतल्या. फोनवर आवाज बारीक लागला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, पोट जरा धरलंय. संमेलन झालं की दाखवते."

मी काय म्हणाले? "बाईच्या जातीला पोट दुखायचंच. लिंबू-सोडा घे."

पिसारा झाला. मोर नाचला. ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, त्याचा फोटो आहे. दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. दवाखान्यात कळलं, आतडं फुटून तीन दिवस झाले होते. डॉक्टर तरुण होते, मलाच विचारत होते, "एवढं दुखत असताना या बोलल्या कशा नाहीत?"

मला ठाऊक होतं कशा नाहीत. मोहिनी होताना छाया कळांनी ओरडायला लागली, तेव्हा मीच तिच्या तोंडात पदराचा बोळा दिला होता. "ओरडू नको, बाहेर माणसं बसलीत." तिने पदर चावला. आणि मी पुढचं वर्षभर भाजीबाजारात सांगत होते, माझ्या पोरीने हूं की चूं केलं नाही म्हणून.

१२ सप्टेंबर

लिहिलं ते वाक्य. पोहण्याचं महेशने काढायला लावलं. "मानपत्रात तलाव बरा दिसत नाही, मावशी." केसांचंही गेलं. "दुखलं-खुपलं कधी सांगितलं नाही" मात्र त्याला फार आवडलं. फोनवर दोनदा वाचलं. म्हणाला, यावर टाळ्या पडणार.

१५ सप्टेंबर, सोमवार. नवमी

टाळ्या पडल्या.

नीट लिहिते.

दिनेशच्या घरी वीसेक माणसं. सवाष्ण म्हणून मनीषा. छायाची घडी न मोडलेली साडी तिला नेसवली, ओटी भरली. हिरवी साडी. छायाने ती दिवाळीसाठी ठेवली होती. महेशने वाचलं, चांगलं वाचलं. त्या वाक्याला थांबला आणि लोकांकडे बघितलं. टाळ्या. मोहिनी भिंतीला टेकून ऐकत होती. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. मला वाटलं, लाजते आहे.

पंगत बसली. वडे, खीर, कारली, गवार. मोहिनीला मनीषाशेजारी बसवलं. ठमाबाई आणि मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी. मोहिनीने डावा हात पुढे केला आणि भात कालवायला लागली.

"अगं ए, आईच्या श्राद्धाचं पान हाय ते! डाव्या हातानं खाती व्हय? उजवा काढ."

पोरीने उजवा काढला. वडा उचलला. तो हातातून पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. तोंडातून आवाज नाही, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी उठून सवाष्णींच्या पंगतीतून चालत गेले. कुणी अडवलं नाही, अडवलं असतं तरी गेले असते. ओढणी बाजूला केली. मनगट सुजून टम्म, निळं पडलेलं.

"कधी लागलं?"

"शुक्रवारी. शाळेत घसरगुंडीवरून पडले."

"चार दिवस! शनिवारी माझ्याकडे होतीस ना गं? का नाही सांगितलंस?"

शनिवारी तिने एकही जुडी बांधली नव्हती. टीव्ही बघायचाय म्हणाली आणि मी बघू दिला.

"आई पण नाही सांगायची," ती म्हणाली.

आणि मग पंगतीतून कुणीतरी बाई अगदी कौतुकाने म्हणाली, "आईवर गेली गं पोर."

मी त्या बाईकडे बघितलंही नाही. महेशला म्हटलं, "तो कागद दे." दिला. "यातलं ते वाक्य मी लिहिलंय. खरं आहे. पण ते तिचं कौतुक नाही, ती मेली कशाने ते आहे. तुम्ही त्यालाच टाळ्या वाजवल्यात. मीही आयुष्यभर वाजवल्या."

जेवण अर्धवट टाकून दिनेश रिक्षा आणायला पळाला. दुसऱ्या बाजूने ठमाबाई रिक्षात चढल्या, अनवाणी. दवाखाना येईपर्यंत त्या एकदाच बोलल्या, आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. "विहीणबाई, ओट्याशी वाकून उभी होती ती. मी बघितलं व्हतं. मला वाटलं, पाळी आली असंल."

मी त्यांचा हात धरला. मला त्यांना दोष द्यायचा होता. पण तो मी आधीच वापरून टाकलेला.

१६ सप्टेंबर

हाड मोडलं आहे. सहा आठवडे प्लास्टर. दिनेशने मोहिनीला माझ्याकडे आणून सोडलं. "आई, थोडे दिवस इथेच राहू दे. मला तिच्याशी कसं बोलायचं कळत नाहीये." त्याने निदान हे सांगितलं. या घरातला तो पहिलाच.

दुपारी मी तिला समोर बसवलं. तलावाचं सांगितलं, ओकली तेही. केसांचं पुन्हा सांगितलं. मग पदराच्या बोळ्याचं सांगितलं, लिंबू-सोड्याचं सांगितलं. काही ठेवलं नाही.

बराच वेळ प्लास्टरचा कापूस उपटत होती.

"म्हणजे आई चुकली?"

"हो. तुझ्यासाठी तिने पुष्कळ केलं, ते सगळं बरोबर. हे एक चुकलं. आणि ते तिला मी शिकवलं होतं."

"मग आता दुखलं की सांगायचं?"

"लगेच. मोठ्याने."

"तू सांगतेस?"

"सांगते की," म्हणाले.

१८ सप्टेंबर

महेशचा फोन. ते वाक्य काढलं तर पान भरत नाही म्हणतो. तलाव घाल म्हटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

माझ्या छातीत गाठ आहे. होळीपासून. या वहीतसुद्धा लिहिली नव्हती.

आज मोहिनीला सांगितली. ती डाव्या हाताने प्लास्टरवर मासा काढत होती. पेन खाली ठेवलं.

मग म्हणाली, "चप्पल घाल."