सगळ्यांच्या पाठी, एक माझी सोडून

प्रिय टाचणी,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू हल्ली कुजबुजतेस. "आत पेशंट आहेत गं, नंतर बोलू." तुझं ते नंतर अजून उगवलेलं नाही. पत्राचं बरं असतं, पेशंट गेल्यावर वाचता येतं आणि वाचणाऱ्याला मधेच तोडता येत नाही.

आधी इकडची खबर. पडदे शिवणं चालू आहे, तुझ्यावाचून कारखाना बंद पडलेला नाही, हे वाचून तुला जरा वाईट वाटावं अशी इच्छा आहे. तुझ्या जागी मालकांनी एक वहिनी आणल्यात. कामाला चोख, बोलायला गोड, त्यामुळे धड रागही धरता येत नाही. पण लांब कापड कापायला समोरून धरायचं म्हणजे काय, ते त्यांना कळत नाही. मी कात्री उचलायच्या आतच तू ताण द्यायचीस. त्यांना सांगावं लागतं, "वहिनी, ओढा." मग त्या अशा ओढतात की कापडाबरोबर मीही टेबलावर. परवा रेघांचं कापड तिरकं गेलं. मालक म्हणाले, "कात्रीबाई, लक्ष कुठंय?" लक्ष कुठं असणार? कंबरेत.

मला आपलं वाटायचं, हे दुखणं आपल्या दोघींचं आहे. त्या ठेंगण्या टेबलावर आपण बरोबरीनं वाकलो, बरोबरीनं मोडलो. सुट्टीच्या दिवशी लोक सिनेमाला जातात, आपण उपचाराला जायचो. वजनं बांधून कंबर ओढणारा तो माणूस आठवतो? एका खाटेवर तू, एकीवर मी, आणि तू मालकांची नक्कल करत होतीस. शेवटी तो वैतागला, "बायांनो, हसलात की वजन सरकतं!" मग सुया टोचणारा. माझी पाठ बघून म्हणालीस, "आता सांग, टाचणी कोण?" मग ती पाठीला वाट्या लावणारी. तिनं उठवलेले लाल गोल बघून आमचे हे घाबरून विचारत होते, कुणी मारलं म्हणून. आणि आपण शहाण्यांनी विकतचा पट्टा नको म्हणून सोफ्याच्या कापडाचे पट्टे घरीच शिवले, आत पडद्याला लावतो तो दुहेरी कडक बकरम घालून. बसता येईना, वाकता येईना. दोघी रस्त्यानं चाललो तर दोन सोफे फिरायला निघालेत असं वाटायचं. दुखणं तसूभर कमी झालं नाही. पण माझं आयुष्यात एवढं हसून कधी झालेलं नाही.

आणि मग ही तुझी मालिशवाली ताई. तिच्याकडे तुला घेऊन गेले ती मी. लोक पायावर धोंडा पाडून घेतात, मी तर तो घरून वाहून नेला. ना यंत्र, ना सुया, नुसते हात. आतल्या पडद्याची मुडप तिरकी होती, त्यावरूनच मी ठरवलं होतं की या बाईत काही दम नाही. पडद्याबाहेर खुर्चीत बसून ऐकत होते. तिनं तुझ्या पाठीवर हात ठेवला असावा, कारण म्हणाली, "केवढं धरून ठेवलंय तुम्ही." आणि तू रडलीस. टाचणी, इतकी वर्षं कापडाच्या दुसऱ्या टोकाला मी उभी होते. तुझी आई गेली तेव्हासुद्धा तू माझ्यापुढे रडली नव्हतीस. ही बाई तुला अर्ध्या तासापूर्वी भेटली होती.

माझ्या वेळी ताई म्हणाली, "अंग सैल सोडा." मी म्हटलं, सैल सोडायला मी काय पिशवीची नाडी आहे? ती हसली नाही. "तुम्ही सवडीनं या," एवढंच म्हणाली. मी गेले नाही. तू जात राहिलीस, बरी झालीस, ताठ चालायला लागलीस. मला आनंद झाला. पोटात दुखत दुखत झाला, पण झाला. मग एके दिवशी मालकांना सांगून मोकळी झालीस की आता ताईंच्या हाताखाली हेच शिकणार. ताई असं म्हणतात, ताई तसं म्हणतात. अगं, तुझी सख्खी ताई आहे, तिला तू वर्षातून एकदा फोन करतेस! नवऱ्यानं दुसरी आणली तर निदान चार लोक बायकोची बाजू घेतात. मैत्रीण मालिश शिकायला गेली म्हणून मी कुणाच्या गळ्यात पडून रडू?

मागे भाजीच्या दुकानात भेटलीस. मी तोंडभर हसले, आणि तू म्हणालीस, "डावा खांदा वर आलाय गं तुझा." इतक्या महिन्यांनी भेटलीस आणि बोललीस कुणाशी, तर खांद्याशी.

गेल्या आठवड्यात आमचं टेबल उंच झालं. सुतारानं खाली ठोकळे बसवले. मालक म्हणाले, टाचणीचा फोन होता, पाठी सांभाळा म्हणाली. सगळ्या तुझं आणि ताईचं गुणगान करायला लागल्या, मी तोंड वाकडं करून कापत राहिले. दुपारी लक्षात आलं की टेबल वहिनींना उंच पडतंय, दुसऱ्या बाईला तर फारच. बरोबर होतंय ते फक्त मला. मालकांना विचारलं, माप कुणी दिलं? म्हणाले, "तिनंच. कात्रीच्या कोपराखाली वीतभर, असं सांगितलंन." त्या दिवशी कामात माझा एक शब्द बाहेर पडला नाही. वहिनींना वाटलं, मला ताप आलाय.

एवढं सगळं मी गिळलं असतं. पण आज इस्त्रीवाल्या भाऊंनी सांगितलं, परीक्षेआधी तुला सरावाला दहा पाठी लागणार आहेत आणि तू माणसं गोळा करतेयस. भाऊंची बायको झाली. भाऊ झाले. वहिनींना तू ओळखतही नाहीस, त्या रविवारी येतायत. मालकांची पाठसुद्धा घेतलीस, जी आयुष्यात कधी वाकलेली नाही! नऊ झाल्या म्हणे. मला विचारलं नाहीस. का, ते कळतं मला. मी मालिशच्या टेबलावर पडल्या पडल्या तुझ्या ताईची, तुझी आणि तेलाच्या बाटलीची टर उडवीन, ही भीती. रास्त आहे. पण तिथं पालथं झोपल्यावर तोंड टेबलाच्या त्या भोकात जातं, हे मी एकदा अनुभवलंय. तिथून माझं बोलणं जमिनीशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही. म्हणून हे पत्र. दहावी पाठ दुसऱ्या कुणाची घेऊ नकोस. ताई खोलीत नको, एवढी एकच अट. आणि मी रडले, तर कारखान्यात सांगायचं नाही.

तुझीच, त्या नऊ जणांच्या कितीतरी आधीची,
कात्री