काळीपिवळीतला शेजारी

४ फेब्रुवारी, मंगळवार

काम आलं आणि नेमकं लिहिण्याचं! सकाळीच कुसाबाईंचा फोन — "त्या होश्टिंगचं कागदावर लिहून आन. एका बाजूला फायदा, एका बाजूला तोटा. मराठीत. रविवारी बैठक हाय, बायांपुढं वाचायचं." बारावी दोनदा बुडवलेल्या माणसाला निबंध!

कुसाबाई म्हणजे करंजाळीकडच्या पाड्यावरच्या बचत गटाच्या अध्यक्ष. नागलीचे पापड करतात. गेल्या दिवाळीत वेबसाइट मीच करून दिली. जागा घेतली शेअर्ड होस्टिंगवर — कंपनीचा एक मोठा कॉम्प्युटर, त्यावर शेकडो साइटी भाड्यानं.

भानगड अशी. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानदारानं साइटवरून पापड विचारले. गटाची सचिव रोशनी, तिनं त्याच दिवशी मेलनं उत्तर दिलं. त्याला ते दिसलंच नाही. माल दुसरीकडून घेतला त्यानं. आता बाया म्हणतात, रोशनीनं उत्तर पाठवलंच नाही. तिनं पाठवलेला मेल मोबाईलवर दाखवला, तर गटातल्या झुंबरबाई म्हणे, "मोबाईलात काय बी दाखवता येतं."

रविवारी तिचं सचिवपद राहतं की जातं ते ठरणार. माझ्या कागदावरून!

५ फेब्रुवारी

फायदे लिहिले. स्वस्त. सगळं तयार मिळतं. बिघडलं तर कंपनी बघते, आपल्याला काही शिकावं लागत नाही. मेलचा पत्ता सोबत येतो. एकाच खात्यात आपल्या दोन-तीन साइटी ठेवता येतात.

इथं पेन अडलं. चहाला म्हणून बाहेर पडलो तो थेट रामशेज किल्ल्यावर! वरून द्राक्षबागा छान दिसतात. फोटो काढले. कागद घरीच.

६ फेब्रुवारी

कंपनीच्या माणसाशी चॅट केलं. विचारलं, गटाचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये का जातात? शेजारची एखादी साइट घाण करत असणार, असं वर मीच ऐकवलं.

उत्तर आलं — शेजारची नाही. तुमच्याच खात्यातून २२ जानेवारीला चार हजार मेल गेलेत. लोकांनी तक्रारी केल्या.

माझे. माझ्या ट्रेकच्या साइटचे. गटाच्या खात्यात जागा नुसती पडून होती, म्हणून तीही तिथंच टाकली. कुणाला विचारलं नाही. पत्त्यांची यादी माझा ट्रेकचा दोस्त सुनील, त्यानं दिली — "टाक ना भावा, कोण बघतंय!" हरिहर किल्ल्यासाठी माणसं हवी होती. आली किती? दोन. त्यातला एक सुनील.

बावीसला माझे मेल. तेवीसला रोशनीचं उत्तर, ते थेट स्पॅममध्ये. झालं!

आणि खातं तिच्याच नावावर. नव्या गिऱ्हाइकाला सूट होती, ती माझ्या नावावर आधीच घेऊन झालेली. म्हणून तिचं नाव, तिचा नंबर, गटाचा मेल. तिनं फोनवर ओटीपी सांगितला. कशाला हवाय, एवढंही विचारलं नाही.

चॅटमध्ये लिहिलं — ती साइट माझी आहे, काढतो, पण पार्टीला कळवू नका. तो म्हणाला, ओके सर.

सर!

७ फेब्रुवारी

ट्रेकची साइट काढली. दोन मिनिटं लागली. थोड्या दिवसांत मेल सुरळीत होतील म्हणे. म्हणजे आता कुणाला कळायचं कारण नाही. असं लिहून बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटते.

कुसाबाईंना फोनवर समजावलं. म्हटलं, "मावशी, पेठला जाणारी काळीपिवळी असते ना, तसं. सगळ्यांची मिळून एक गाडी."

"म्हंजे शेजारी कोन बसंल ते आपल्या हातात नाय."

"नाही."

"आन त्याला उलटी झाली मंग?"

"...वास सगळ्यांनाच."

हसल्या. "डायवर कंपनी. आमी पाशिंजर. आन तू रं कोन?"

मी म्हटलं, रेंज जातेय.

८ फेब्रुवारी

तीन कागद फाडले. 'शेजारच्या साइटमुळे आपलं नाव खराब होऊ शकतं.' एवढं एकच वाक्य उरतं. खोटं नाही. म्हणूनच जास्त वाईट.

९ फेब्रुवारी, रविवार

अंगणवाडीत बैठक. पंधरा-सोळा बाया. मी वाचलं. फायदे झाले, तोटे झाले. झुंबरबाई म्हणाल्या, "ते शेजाऱ्याचं पुन्ना वाच." पुन्हा वाचलं.

कुसाबाईंनी विचारलं, "मंग आपल्याला बाधलं ते याच्यानंच? का रोशनीनं धाडलंच नवतं?"

आत्ता. आत्ता बोल. एवढंच तर होतं! तोंडातून निघालं — "नक्की सांगता येत नाही, मावशी. दोन्ही असू शकतं."

दोन्ही! हे का म्हटलं मी?

मी मान वर केली नाही. रोशनी उठली. ओढणीनं टेबल पुसलं, रजिस्टर आणि गटाचा फोन झुंबरबाईंच्या सुनेपुढं ठेवला. फोनचं कव्हर तेवढं काढून घेतलं — ते तिचं स्वतःचं होतं.

नंतर जेवायला बसवलं मला. नागलीची भाकरी, उडदाचं बेसन. वाढत रोशनीच होती. निघताना कुसाबाईंनी पापडाचा पुडा दिला — "लय राबलास आमच्यापायी." घेतला! काळीपिवळीत मांडीवर धरून आलो नाशिकपर्यंत. शेजारचा म्हातारा म्हणाला, "नागलीचे का?" मी खिडकीकडे तोंड केलं.

१० फेब्रुवारी

सकाळी रोशनीचा मेसेज. फोटो आहे — गुरुवारचं माझं चॅट, सगळं. कंपनी चॅटची प्रत खात्याच्या मेलवर धाडते. 'पार्टीला कळवू नका' खाली तिनं लाल रेघ ओढलीय.

त्याखाली लिहिलंय — "शनिवारीच वाचलं होतं, जयरामभाऊ. काल बैठकीत मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही कागदाकडं बघत होता."