तुकडा नंबर चौदा, हिरवा

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून स्वतःला कामाला जुंपायचं. ॲशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगेरा कॅनडाची हद्द ओलांडून आपल्या मेन राज्यात उतरलाय. कुठल्या जंगलाला किती धोका, त्याचा नकाशा मी करणार. तांबडा म्हणजे फार, पिवळा मध्यम, हिरवा बिनघोर. चौदा तुकडे, चौदा दिवस. प्रत्येक ठिकाणी पायी जायचं.

१६ फेब्रुवारी
तेरा झाले. दोन गाडीतूनच पाहिले, पण काच पुसून. उरली ओढ्याकाठची दलदल. बर्फ मांडीपर्यंत. उणे बावीस. गुडघा कुरकुरतोय. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी
दलदलीच्या तोंडाशी गाडी लावली. थर्मासमधली कॉफी संपवली. दुर्बिणीतून पाहिलं. झाडं उभी होती. आजारी झाड इतकं ताठ उभं राहील का?

१९ फेब्रुवारी
वनखात्यातल्या गॅरेट साहेबांनी रिपोर्ट मागितला. तुकडा नंबर चौदा हिरवा केला. तात्पुरता. बर्फ वितळला की जाणारच आहे. रंग आधी भरला काय नि नंतर काय.

२ मार्च
गावच्या सभेत नकाशा दाखवला. टाळ्या. पुढच्या रांगेत डेल्फिन मावशी. इथल्या मूळनिवासी पासामाक्वाडी लोकांतली, पण मावशी साऱ्या गावाची. ॲशच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणते. लाकूड त्याच दलदलीतलं, तिच्या आजीपासून. म्हणाली, "एल्विन, आमची दलदल हिरवी दाखवलीस. आत जाऊन बघितलंस ना रे?"
मी म्हणालो, त्या भागाचा अभ्यास पूर्ण झालाय. हे काही खोटं नाही. अभ्यास अनेक प्रकारचा असतो.
मग तिने सगळ्यांना सांगितलं, पुन्हा लावायला ॲशचं बी यंदा आधी तांबड्या तुकड्यांतलं वेचू, तिथली झाडं मरायच्या आत. आपली दलदल पुढच्या वर्षी. जाताना मला टोपली दिली. घ्यायला नको होती. घेतली.

११ मे
बर्फ गेला, चावऱ्या माश्या आल्या. कर्तव्य करावं, रक्तदान नव्हे. टोपली टेबलावरून कपाटात ठेवली. टेबलावर जागा लागते.

२६ सप्टेंबर
मावशीचा सगळा गोतावळा बी वेचतोय. मीही दिवसभर राबलो. इतका, की मावशीने पाठ थोपटली. आज सांगून टाकणार होतो. पण सगळे हसतखेळत जेवत होते. विरजण कशाला?

४ ऑक्टोबर
दलदलीत जायचंच. बूट चढवले. साहेबांचा फोन. नकाशा फार आवडलाय, वरिष्ठांना दाखवायचाय. बूट काढले.

९ जुलै
रोजनिशीत खंड पडला. कामाचा व्याप.
मावशीचा फोन. "दलदलीत ये," एवढंच म्हणाली.

१० जुलै, संध्याकाळी
आत गेलो. पहिल्यांदाच.
शेंडे उघडेबोडके. भुंगेऱ्याच्या अळ्यांसाठी सुतारपक्ष्यांनी साली ओरबाडलेल्या. मावशीने एका खोडाची साल उचकटली. आत नागमोडी वाटाच वाटा. म्हणाली, "हे एका हंगामाचं काम नाही. तू आलास तेव्हाही असणार. कुठलं झाड बघितलं होतंस?"
मी बर्फापासून सुरुवात केली. मग गुडघा, मग उणे बावीस. ती थांबून ऐकत राहिली. शेवटी म्हणालो, "मावशी, एकही नाही. गाडीत बसलो होतो."
ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. खोडावर हात ठेवून म्हणाली, "गेल्या वर्षी इथं बी नुसतं लगडलं होतं रे. तू हिरवं म्हणालास, म्हणून ठेवलं आम्ही."
मग म्हणाली, "चल. आता बघ. एकेक झाड बघ."
दिवसभर तिच्या मागून हिंडलो. दोनशे सात झाडं. जिवंत म्हणावीत अशी अकरा, त्यांच्याही खोडाला भोकं. बी एकावरही नाही.
घरी येऊन साहेबांना लिहिलं. आधी ‘माझी चूक’ लिहिलं, मग ‘आमची’ केलं, मग पुन्हा ‘माझी’. पाठवलं.
तुकडा नंबर चौदा तांबडा केला. नकाशा आता अगदी अचूक आहे.