काउन्सिलला दाखवायचं कुटुंब

३ मार्च, सोमवार

आधी आली ती पॉलीन. शेजारीण. दार वाजवायची पद्धत नाही, मागच्या अंगणातून सरळ माझ्या स्वयंपाकघरात. तोंडावर असा आनंद, की मला वाटलं कुणीतरी गेलं. म्हणाली, नोरीन, काउन्सिलची माणसं गल्लीत शिरलीत. भाड्याची घरं तपासतायत. लायसन्स नसेल तर कोर्टात खेचतात. तुझ्याकडे वर तिघं भाडेकरू आहेत ना गं?

म्हटलं, आहेत. मग?

घरात परके तिघं ठेवले की लायसन्स लागतं म्हणे. आणि लायसन्स हवं तर धुराचे अलार्म हवेत, आग अडवणारी दारं हवीत, खिडक्या उघडायला हव्यात. काय एकेक थेरं! आम्ही सात जण एका खोलीत वाढलो, मध्ये कोळशाची शेगडी. कोण मेलं? आजोबा मेले, पण ते दारूने.

चुगली पॉलीननेच केली असणार. तिचा तो पुडिंगसारखा चेहराच सांगतो.

४ मार्च, मंगळवार

युक्ती सुचली! नातेवाईक घरात राहिले तर लायसन्स लागत नाही. मग हे तिघं नातेवाईक. संपलं. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून बिस्किटांच्या कारखान्यात गेले, पण डोकं या टायवाल्यांपेक्षा बरं चालतं. कॅनडातली नात फोनवर म्हणते, आजी, तू वकीलच व्हायला हवी होतीस. भांडताना म्हणाली, पण म्हणाली.

तर गॅरेथ माझा पुतण्या. बस चालवतो, वेल्सचा आहे, तोंडाने बोलत नाही तेवढं नाकाने घोरतो. वाल्डेक पोलंडचा, भिंतींना प्लास्टर करतो. तो जावई. इफेओमा नायजेरियाची, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. ती दत्तक भाची. रंग का जुळत नाही, असलं काही हल्ली कुणी विचारत नाही, विचारलं तर विचारणाराच अडकतो.

५ मार्च, बुधवार

तिघांना जिन्यापाशी उभं करून समजावलं. गॅरेथने मला काकू म्हणायचं, इफेओमाने मावशी. वाल्डेकने सासूबाई म्हणायचं. तो म्हणाला, पण बायको कुठाय माझी? म्हटलं, कामावर. (मला मुलगीच नाही. एक मुलगा, तो कॅनडात.) म्हणाला, दिसायला बरी आहे ना? म्हटलं, माझ्यावर गेलीय. एक पायरी वर सरकला.

गॅरेथ म्हणाला, काकू, पुतण्याच्या खोलीची खिडकी रंगाने चिकटून बसलीय, दोन हिवाळे झाले. म्हटलं, अरे, थंडी आत येत नाही ते बघ ना! हसला नाही. वेल्सची माणसं अशीच.

नंतर तिघं वर जाऊन बराच वेळ कुजबुजत होते. पाठांतर चाललं असेल. पोरं मनाने माझीच.

८ मार्च, शनिवार

अलार्म आणायचं ठरवलं होतं. गेले नाही. बसला उशीर, पाय दुखतात, शिवाय टोस्ट करपला की वास मला सगळ्यात आधी येतो. मीच अलार्म.

पॉलीनने कुंपणावरून विचारलं, पकडली गेलीस तर? वरचा मजला बंद करतील. मग घरात तू आणि तुझा टीव्ही. म्हटलं, तोंड सांभाळ. मुळात मला माणसांची हौस नाही. रात्री जिन्यावर पावलं वाजली नाहीत तर झोप लागत नाही, ती निव्वळ सवय.

११ मार्च, मंगळवार, दुपार

आले. ऑलसॉप नावाचा, काडीसारखा, आणि एक फोटो काढणारी पोरगी. नाक असं वर, जणू राजवाडा तपासायला आलेत. मी लेमन केक कापला. म्हणाला, नको, नियमात बसत नाही. केक नियमात बसत नाही! असली माणसं देश चालवतात.

सगळ्यांना टेबलाशी बसवलं. म्हटलं, चला, घरच्यासारखा चहा होऊ दे. तर तिघंही उठून फ्रिजकडे गेले आणि आपापलं दूध घेऊन आले. बाटलीबाटलीवर नाव. मग खिशातून आपापली टीबॅग. नियम माझाच आहे, भांडणं नकोत म्हणून. पण आज?

ऑलसॉप म्हणाला, तुमच्या कुटुंबात दूध वाटून घेत नाहीत?

म्हटलं, आम्ही शिस्तीचे.

मग त्याने वाल्डेकला बायकोचं नाव विचारलं. वाल्डेकने छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, नोरीन. ऑलसॉप म्हणाला, म्हणजे सासूशीच लग्न केलंत? ती पोरगी कॅमेऱ्याआड हसत होती.

इफेओमा सरळ म्हणाली, या माझ्या कुणी नाहीत. मला ताप आला तेव्हा यांनी सूप आणून दिलं. (बघा!) मग त्याचे पैसे भाड्यात लावले. (सूपातलं चिकन काय फुकट येतं?)

एकूण चांगलं झालं. वर जाऊन आले, खिडक्या ओढून बघितल्या. ऑलसॉपने जाताना माझा हात हातात घेतला. आवडले मी त्याला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

चहा झाल्यावर म्हटलं, त्या पॉलीनला आता दाखवतेच, चुगलखोर मेली.

गॅरेथने बूट घालता घालता सांगितलं, हॅचर्डबाई (काकू नाही, आडनावाने!), चुगली पॉलीनने नाही केली. काउन्सिलला फोन आम्ही केला. तिघांनी. आग लागली तर आम्ही उडी कुठून मारायची?

वाल्डेक आणि इफेओमा त्याच्या मागे उभे होते. कुणी मान खाली घातली नाही. मग तिघं मिळून चिप्स आणायला गेले. मला काय हवं ते विचारलं नाही.

इतक्या वर्षांत त्यांनी एकत्र केलेलं हे पहिलंच काम.

केक तसाच आहे. ऑलसॉप अलार्म आणि खिडक्या पुन्हा तपासायला परत येतो म्हणालाय, पुढच्या मंगळवारी, सकाळी दहाला.